स्कॅन झाला म्हणून अंक रद्दीत घालू नका

जुन्या छंद-मासिकांचे गठ्ठे हलवायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘सगळं स्कॅन झालंय, आता कागद कशाला सांभाळायचा?’ हौशी रेडिओ, फोटोग्राफी, रेल्वेच्या प्रतिकृती, शिवण-विणकाम, आकाशदर्शन, घरगुती संगणक, कोणताही छंद घ्या, त्याच्या संग्राहकांत हा वाद आहेच. असं म्हणणारे लोक मासिकांचे शत्रू नाहीत. त्यांतल्या अनेकांनी पदरचे पैसे आणि वेळ घालून हजारो पानं स्कॅन केली आहेत आणि त्यांच्यामुळेच आज ती आपल्याला वाचायला मिळतात. तरीही त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. स्कॅन करावेत, लवकर करावेत, चांगले करावेत. पण स्कॅन झाला एवढ्या एका कारणावरून कागदी अंक नष्ट करू नये. प्रत्येक मासिकाचे निदान काही पूर्ण संच, पुरवण्या आणि जाहिरातींसकट, वेगवेगळ्या ठिकाणी कागदावर राहायला हवेत. छंद-मासिकांच्या बाबतीत हा आग्रह इतर छापील मजकुरापेक्षा जास्त धरावा लागतो, असं माझं मत आहे.

कादंबरीचं पान स्कॅन झालं की तिचा बहुतेक ऐवज त्यात उतरतो. शब्द आले, क्रम आला, काम भागलं. छंद-मासिक मात्र शेजारी उघडं ठेवून काम करायचं असतं. त्यातला आराखडा मोजायचा, नमुना उतरवून घ्यायचा, सर्किट जोडायचं, प्रोग्रॅम टाइप करायचा, जाहिरात पाहून सुटे भाग मागवायचे, पत्रव्यवहाराच्या पानावरून आपल्यासारखाच छंद असलेला दूरचा माणूस शोधायचा. मुख्य लेख हा अंकाचा फक्त एक भाग, आणि पुष्कळदा तोच सर्वांत सुरक्षित भाग असतो, कारण गाजलेला लेख पुढे पुस्तकांत आणि संकलनांत पुन्हा छापला जातो. बाकीची पानं पुन्हा कुठेच छापली जात नाहीत.

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’चा जानेवारी १९७५चा अंक घ्या. मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक होता. छायाचित्रातला खोका आतून रिकामा होता, कारण मासिकाकडे पाठवलेलं मूळ यंत्र वाटेतच गहाळ झालं होतं. तो अंक पाहून पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी त्या यंत्रासाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायला घेतली, ही कथा आता संगणकाच्या इतिहासात पक्की बसली आहे आणि त्या लेखाची पानं सहज सापडतात. पण त्या महिन्यात एखाद्या हौशी माणसाला कोणते सुटे भाग मिळत होते, कितीला मिळत होते, टपालानं माल कोण पाठवत होतं, हे जाणून घ्यायचं तर त्याच अंकाची मागची पानं हवीत, आणि आधीच्या-नंतरच्या वर्षभराच्या अंकांचीही. दोन ओळींच्या जाहिरातीत एखाद्या छोट्या उद्योगाचा जन्म नोंदलेला असतो आणि ती नोंद पुष्कळदा दुसरीकडे कुठेही नसते.

पत्रांचंही तसंच. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक काढलं. वाचकांच्या पत्रांखाली ते पूर्ण पत्ते छापत. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना थेट लिहू लागले. त्यातून मंडळं निघाली, चाहत्यांनी स्वतः काढलेली छोटी नियतकालिकं निघाली, संमेलनं भरू लागली. विज्ञानकथांच्या चाहत्यांची सगळी चळवळ मागे मागे शोधत गेलं तर त्या बारीक टाइपातल्या पत्त्यांपाशी पोचता येतं. कथा तेवढ्या स्कॅन करून पत्रांची पानं गाळणाऱ्याला आपण काय गाळलं याची कल्पनाही येणार नाही. जुन्या अंकातलं सर्वांत मोलाचं पान कोणतं असं कुणी मला विचारलं, तर मी पत्रव्यवहाराचंच सांगेन. तज्ज्ञांना काय वाटत होतं ते लेखात सापडतं. वाचकांना ते जमलं का, कुठे अडलं, कुणी काय सुधारलं, हे पत्रांतच कळतं.

आणि चुका. सर्किटच्या आकृतीत एक रेघ चुकली तर त्यावरून जोडलेलं यंत्र चालत नाही, कधी जळतंही. म्हणून दोन-तीन महिन्यांनी दुरुस्ती छापली जायची. घरगुती संगणकांच्या काळात ‘कंप्यूट!’सारखी मासिकं पानंच्या पानं प्रोग्रॅम छापत आणि वाचक ते ओळीमागून ओळ टाइप करत. एक आकडा चुकला तरी प्रोग्रॅम चालायचा नाही. म्हणून १९८३च्या सुमारास या मासिकांनी प्रत्येक ओळीसाठी पडताळणीचा एक आकडा द्यायला सुरुवात केली. ओळ टाइप केली की पडद्यावर आकडा उमटे. तो छापील आकड्याशी जुळला तर ओळ बरोबर. नक्कल करताना चूक होणारच आणि ती मुळाशी ताडून पाहता आली पाहिजे, हे त्या संपादकांनी ओळखलं होतं. आज त्याच मासिकांची नक्कल करताना आपण ताडून पाहायचं मूळच टाकून द्यायला निघालो आहोत.

याच कारणानं सुटा अंक हे जतनाचं एकक धरणं मला पटत नाही. मार्चच्या अंकातला आराखडा, जूनमध्ये आलेली त्याची दुरुस्ती आणि सप्टेंबरमध्ये एखाद्या वाचकानं सुचवलेला बदल, हे सगळं मिळून एक लेख होतो. गाजलेले ‘संग्राह्य’ अंक ठेवून बाकीचे टाकणाऱ्यांकडे शेवटी बरीचशी अर्धवट माहिती उरते.

काही अंकांत तर अशा गोष्टी आहेत ज्या ‘पानाचं चित्र’ या कल्पनेतच मावत नाहीत. ‘बाइट’ मासिकानं १९७०च्या दशकात काही प्रोग्रॅम बारकोडच्या रूपात छापले. पुढच्या दशकात कॉझिन सॉफ्टस्ट्रिप नावाचे बारीक काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे पट्टे मासिकांत येऊ लागले. त्यावर खास यंत्र ठेवलं की छापलेला प्रोग्रॅम संगणकात उतरे. ‘इंटरफेस एज’नं मे १९७७च्या अंकासोबत पातळ, लवचीक ध्वनिमुद्रिका दिली होती आणि तिच्यावर बेसिक भाषा आवाजाच्या रूपात भरलेली होती. अशा अंकाचं पान कमी रिझोल्यूशनवर स्कॅन केलं तर डोळ्याला सगळं ठीक दिसतं, मजकूर वाचता येतो, आणि पट्ट्यातला प्रोग्रॅम मात्र कायमचा गेलेला असतो. ध्वनिमुद्रिका तर स्कॅनरच्या काचेवर ठेवून काही उपयोगच नाही.

शिवणकामाच्या मासिकांतले घडीचे मोठे तक्ते हे दुसरं उदाहरण. ‘बुर्डा’च्या नमुन्यांच्या कागदावर एकाच जागी अनेक कपड्यांच्या, अनेक मापांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या असतात, कोणती रेष कशाची हे रंगावरून आणि तुटक-सलग प्रकारावरून ओळखायचं. हा तक्ता घरच्या स्कॅनरवर मावत नाही, म्हणून बहुतेक स्कॅनमध्ये तो नसतोच. असला तर तुकड्यातुकड्यांत असतो आणि जोडताना माप सरकतं. विमानांच्या प्रतिकृतींच्या मासिकांतले पूर्ण आकाराचे आराखडेही असेच. पीडीएफ छापताना ‘पानावर बसवा’ हा पर्याय आपोआप निवडला गेला आणि चित्र तीन टक्क्यांनी लहान झालं, तर दीड मीटरच्या पंखाचे साडेचार सेंटिमीटर जातात. कागदी आराखड्यावर पट्टी ठेवली की हा प्रश्न निकालात निघतो. कागदही आर्द्रतेनुसार किंचित ताणतो-आकसतो हे खरं आहे, पण ते प्रमाण याच्या जवळपासही जात नाही.

या वादात मायक्रोफिल्मची, म्हणजे पानांची अगदी लहान छायाचित्रं फिल्मवर साठवण्याची, जुनी हकीकत फार कमी वेळा आठवली जाते, आणि ती आठवायलाच हवी. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ग्रंथालयांनी वृत्तपत्रांची आणि नियतकालिकांची मायक्रोफिल्म करून मूळ प्रती मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या. जागा नव्हती, आणि कागदाची लवकरच धूळ होईल अशी भीती होती. कागद किती जीर्ण झाला हे ठरवायला पानाचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे असा दुमडून पाहत. थोड्याच घड्यांत तुटला की पान ठिसूळ ठरे. पण वाचणारा माणूस कोपरा मुडपत नाही, पान उलटतो. त्या चाचणीत नापास होईल असं पान जपून हाताळलं तर पुढे कित्येक वर्षं वाचता येतं. १९९९मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं परदेशी वृत्तपत्रांचे बांधीव खंड विकायला काढले, तेव्हा अमेरिकन लेखक निकल्सन बेकर यांनी स्वतःची पुंजी घालून त्यातले हजारो खंड वाचवले. २००४मध्ये तो संग्रह ड्यूक विद्यापीठाकडे गेला. त्यात ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राची रंगीत पानं आहेत. मायक्रोफिल्मवर त्यांचा रंग उतरलाच नव्हता. शिवाय जी फिल्म शाश्वत म्हणून विकली गेली, तिच्यातल्या ॲसिटेटच्या जुन्या रिळांना व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, म्हणजे ती स्वतःच रासायनिक पद्धतीनं विघटित होऊ लागली. त्या काळच्या ग्रंथपालांनी वाईट हेतूनं काही केलं नाही. त्यांच्या काळातलं सर्वोत्तम तंत्रज्ञान त्यांना शेवटचं वाटलं, एवढंच. आज ‘आता स्कॅन आहे ना’ म्हणताना आपणही आपल्या तंत्रज्ञानाला शेवटचं समजतो आहोत.

छंद-मासिकांवर तर ग्रंथालयांनी आणखी एक घाव घातला. बारा अंक एका पुठ्ठ्यात बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. म्हणून ग्रंथालयातला बांधीव खंड दिसायला भक्कम असला तरी पूर्ण असेलच असं नाही. पूर्ण अंक बहुधा एखाद्या वर्गणीदाराच्या माळ्यावर किंवा पलंगाखाली असतो. तो रद्दीत जातो तेव्हा ‘ग्रंथालयात आहे की’ हे समाधान खोटं असण्याची शक्यता बरीच असते.

स्कॅन म्हणजे मुळाची हुबेहूब नक्कल, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का २०१३मध्ये बसला. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला एका बांधकामाच्या नकाशाच्या स्कॅनमध्ये खोल्यांची क्षेत्रफळं बदललेली दिसली. वेगवेगळ्या मापांच्या खोल्यांवर एकच आकडा आला होता. झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांत फाइल लहान करण्यासाठी जेबिग-२ नावाची पद्धत वापरलेली होती. ती सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकच ठसा लावते. त्यात ६च्या जागी ८ बसत होता, आणि तो पुसट किंवा विस्कटलेला नसून स्वच्छ, ठळक ८ होता. पाहणाऱ्याला शंका यावी असं काहीच नव्हतं. आता असा दोष सर्किटच्या आकृतीत आला असं समजा. रेझिस्टरचा रोध ६८० ओहमचा ८८० झाला, किंवा फोटोग्राफीच्या रसायनाच्या पाककृतीत ६ ग्रॅमचे ८ झाले. तो अंक हजारो लोकांनी उतरवून घेतला तरी त्या हजारो प्रतींत तीच चूक असेल. प्रती वाढल्यानं खात्री वाढणार नाही. खात्री करून घेण्याची जागा एकच, शाईनं छापलेलं पान.

कधी कधी तर स्कॅन करण्यासाठीच मुळाला हात लावावा लागतो. हार्वर्डच्या वेधशाळेत एका शतकाहून अधिक काळातल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या लाखो काचपट्ट्या आहेत. त्यांच्यावर तिथे आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांनी (त्यांना तेव्हा ‘संगणक’ म्हणत) शाईनं खुणा, आकडे, बाण काढले होते. ताऱ्यांचं तेज यंत्रानं मोजायचं तर काच स्वच्छ हवी, म्हणून त्या खुणांची आधी छायाचित्रं घेऊन मग त्या पुसण्यात आल्या. खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीनं हे आवश्यक होतं. विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ते लागलं. निर्णय सोपा नव्हता हे मी मान्य करतो. पण स्कॅनमध्ये काय ठेवायचं हे स्कॅन करणाऱ्याच्या आजच्या गरजेवरून ठरतं, एवढं त्यातून दिसतं. मासिकांत हीच गोष्ट कणा कापण्याच्या रूपात येते. कणा कापला की सुटी पानं यंत्रात भराभर जातात, पान सपाट येतं, मधल्या घडीत अक्षरं बुडत नाहीत. काम उत्तम होतं आणि अंक मात्र अंक राहत नाही. ज्या अंकाच्या भरपूर प्रती आहेत त्याची एक प्रत अशी खर्ची घालायला माझी हरकत नाही. पण किती प्रती उरल्या आहेत हे न पाहता कात्री चालवायला मात्र माझा विरोध आहे.

दर्जाबद्दल एक हिशोब मांडतो, कारण ‘हाय क्वालिटी स्कॅन’ हे शब्द फार सैल वापरले जातात. ए-४ आकाराचं एक रंगीत पान ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके घेऊन, फाइल न दाबता साठवलं तर साधारण १०४ एमबी होतं. शंभर पानांचा अंक म्हणजे दहा जीबी. तीस वर्षांचे ३६० अंक धरले तर पावणेचार टीबीच्या आसपास. आज हे अशक्य नाही, तरी बहुतेक हौशी स्कॅन याच्या कितीतरी पट लहान असतात. वीस-पंचवीस एमबीत शंभर पानं बसवली की काहीतरी सोडावंच लागतं. छापील छायाचित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्या ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींवर पडून लहरी उमटतात, आणि त्या घालवायला चित्र पुसट केलं जातं. मग एखाद्या दुर्मीळ कॅमेऱ्याच्या लेन्सभोवतीची अक्षरं किंवा रेल्वेच्या डब्यावरचा क्रमांक भिंगाखाली पाहायचा असेल तर पुन्हा कागदाकडेच जावं लागतं. कागद असेल तर दहा वर्षांनी चांगल्या यंत्रावर पुन्हा स्कॅन करता येईल. पुसट पीडीएफमधून नवीन तपशील काढता येत नाही. हल्ली सॉफ्टवेअर असे तपशील ‘भरून’ देतं, पण ते त्याचे अंदाज असतात, आणि जुन्या मासिकात कुणाचे अंदाज घुसवणं हे जतन होऊच शकत नाही.

एवढं सगळं लिहूनही कागदाच्या बाजूनं भाबडेपणा करायची माझी तयारी नाही. बहुतेक छंद-मासिकं स्वस्त कागदावर छापली गेली. लाकडाच्या दळलेल्या लगद्यात लिग्निन राहतं, त्यानं पान पिवळं पडतं. शाई फुटू नये म्हणून एकोणिसाव्या शतकापासून कागदाला तुरटी आणि राळ लावत. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहतं. पिना गंजतात, कण्याचा गोंद सुटतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेला अंक एकदा भिजून वाळला की त्याची पानं एकमेकांना अशी चिकटतात की वीट होते. थंड, कोरडी, अंधारी जागा मिळाली तर हे सगळं खूप मंदावतं, पण थांबत नाही. आणि कसर, वाळवी, पूर, आग यांना मासिकाचं महत्त्व कळत नाही.

त्याहून मोठा धोका मात्र वेगळाच आहे. बहुतेक संग्रह कसरीनं जात नाहीत, ते मालकाच्या मृत्यूनंतर जातात. चाळीस वर्षं एका माणसानं जुळवलेला संच घरच्यांना नुसता धुळीचा ढीग वाटतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. घर लवकर रिकामं करायचं असतं. मग चार नामांकित अंक कुणीतरी उचलतो आणि बाकीचे वजनावर जातात. संच एकदा फुटला की पुन्हा जुळत नाही. ज्या संग्राहकानं आपले अंक आयुष्यभर कुणाला दाखवले नाहीत, स्कॅन करू दिले नाहीत, ‘हाताळले तर खराब होतील’ म्हणून कपाटाला कुलूप ठेवलं, त्यानं त्या अंकांचं रक्षण केलं असं मी म्हणणार नाही. त्यानं त्यांचं भवितव्य स्वतःच्या आयुष्याएवढं लहान करून टाकलं. स्कॅनचा खरा उपकार इथे आहे. दूरच्या गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीला ऐंशी वर्षांपूर्वीच्या रेडिओ-मासिकातलं सर्किट आज मोबाइलवर पाहता येतं. कुलपातल्या कागदानं तिला काहीही दिलं नसतं. आर्थर सी. क्लार्क यांनी पृथ्वीभोवती तीन स्थिर उपग्रह ठेवून जगभर प्रक्षेपण करता येईल असं मांडलं ते ऑक्टोबर १९४५च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये. तो अंक हातात घेण्याचं भाग्य किती जणांना मिळणार? वाचायचा असेल तर स्कॅनच हवा.

शोधण्याची सोय हीसुद्धा लहान गोष्ट नाही. तीस वर्षांच्या अंकांत जुन्या रेडिओतल्या एका व्हॉल्व्हचा (निर्वात नळीचा) क्रमांक कुठे कुठे आला आहे हे हातानं शोधायला महिने लागतील. अर्थात ही सोय सगळ्या लिप्यांना सारखी मिळालेली नाही. जुन्या टाइपातली जोडाक्षरं ओळखताना यंत्र अजून अडखळतं, आणि रोमन लिपीबाहेरच्या मासिकांचे स्कॅन पुष्कळदा नुसती चित्रं म्हणून पडून राहतात. पुढे यंत्र सुधारेल तेव्हा त्याला चांगलं पान मिळालं पाहिजे, म्हणूनही कागद हवा.

मग ‘डिजिटल प्रत तरी टिकते’ या दाव्याकडे येऊ. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची सूची व डिजिटल सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिल्या. बरोबर वर्षानं, ऑक्टोबर २०२४मध्ये, इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहावर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद पडलं. दोन्ही ठिकाणी कपाटांतली पुस्तकं जशीच्या तशी होती. हल्लेखोर तर सोडाच, कायदेशीर मार्गानंही डिजिटल संग्रहाला भोकं पडतात. मुक्त लेखकांच्या परवानगीशिवाय त्यांचे लेख डेटाबेसमध्ये घालता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००१मध्ये टासिनी खटल्यात दिला. लेखकांच्या बाजूनं तो न्याय्य होता. पण परिणाम असा झाला की प्रकाशकांनी मोबदला देण्याऐवजी मोठ्या संख्येनं लेख डेटाबेसमधून काढून टाकले. कागदी अंकातून एकही लेख कुणी काढू शकलं नाही. छंद-मासिकं तर जवळजवळ सगळी बाहेरच्या लेखकांनीच भरलेली असतात. सर्व्हरवर ठेवलेली प्रत एका पत्रानं, एका निकालानं, एका न भरलेल्या बिलानं सगळ्यांसाठी एकाच क्षणी नाहीशी होऊ शकते. कागदाच्या विखुरलेल्या प्रतींचं तसं होत नाही.

इंटरनेट अर्काइव्हला हे फार पूर्वी कळलं होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक डिजिटल संग्रहांपैकी एक चालवणाऱ्या या संस्थेनं २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथे कागदी पुस्तकांसाठी गोदाम उघडल्याचं जाहीर केलं. स्कॅन झालेली पुस्तकं तिथे बंद कंटेनरमध्ये ठेवली जातात, पुढे कधी स्कॅनवर शंका आली तर मूळ हाताशी असावं म्हणून. ज्यांचा सारा व्यवहार डिजिटल आहे तेच जर कागद ठेवत असतील, तर आपण हौशी लोकांनी तो इतक्या सहज का टाकावा?

जागेचा प्रश्न खरा आहे, पण सगळ्यांनी सगळं ठेवावं असं मी म्हणतच नाही. एका छंदाच्या मंडळात पन्नास सभासद असतील तर पन्नास घरांत त्याच मासिकाचे पन्नास अपुरे संच असण्यापेक्षा, ते एकत्र करून तीन-चार पूर्ण संच उभे करावेत आणि ते वेगवेगळ्या गावांत ठेवावेत. उरलेल्या प्रतींतून स्कॅनसाठी कणा कापायला एक घ्यावी. स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेल्या लॉक्स या डिजिटल जतनाच्या योजनेचं तत्त्व भरपूर प्रती, वेगवेगळ्या हातांत, हेच आहे. ते कागदालाही लागू पडतं. स्कॅन करणाऱ्यानं आपल्या फाइलसोबत साधी टीप ठेवावी: कोणती पानं नव्हती, कोणती पुरवणी मिळाली नाही, किती रिझोल्यूशनवर काम केलं, रंग बदलले का, आणि मूळ अंक आज कुठे आहे. या टिपेला दहा मिनिटं लागतात. ती नसेल तर पुढचा माणूस अपुरा अंक पूर्ण समजून चालतो, आणि मग पूर्ण अंक शोधायचीही कुणाला गरज वाटत नाही.

कायद्याची भूमिकाही इथे लक्षात घेण्यासारखी आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत साठवायची मुभा दिली, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे या अटीवर. म्हणजे डिजिटल प्रतीचा हक्कच कागदाच्या आधारावर उभा आहे. बंद पडलेल्या मासिकांचे मालक सापडत नाहीत, लेखकांचे वारस सापडत नाहीत, आणि म्हणून कित्येक चांगले स्कॅन कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडून आहेत. जी प्रकाशनं अजून चालू आहेत त्यांनी आपल्या जुन्या अंकांचा निदान बिगरव्यापारी वापर लेखी स्वरूपात मोकळा करावा, अशी मागणी छंदांच्या मंडळांनी एकत्रितपणे करायला हवी. एकट्यादुकट्याच्या पत्राला उत्तर येत नाही.

ही मागणी मान्य व्हायला वर्षं लागतील. तोवर संग्राहकाच्या हातात असलेलं काम म्हणजे यादी. कोणत्या मासिकाचे कोणते अंक आहेत, कोणत्या अंकात पुरवणी शाबूत आहे, कोणती पानं फाटली आहेत, आणि आपल्यामागे हा संच कोणत्या मंडळाला किंवा ग्रंथालयाला द्यायचा. त्या संस्थेशी आधीच बोलून ठेवावं, कारण न विचारता पाठवलेले गठ्ठे तिथूनही रद्दीतच जातात. यादीची एक प्रत घरच्यांकडे द्यावी, एक मंडळाकडे, आणि अंकांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक चिकटवून ठेवावी.